पाठराखीण

व्हिसा लागत नाही म्हणून आम्ही थायलंडला गेलो, नाहीतर साकेतच्या हातून कसली कागदपत्रं व्हायची होती. माझाच मुलगा, पण आळशीपणात बापाच्या वरताण. विमानतळावर शिक्का मारून घ्यायचा, आठवडाभर फिरायचं, परत यायचं. बरोबर सून संचिता आणि पाच वर्षांची नात सान्वी. जाण्याआधीच नौपाड्यातल्या अर्ध्या गल्लीला मी सांगून टाकलेलं, खोटं कशाला बोलू.

हॉटेलच्या आवारात खांबावर एक इवलंसं देऊळ होतं. आत म्हातारा-म्हातारीच्या दोन बाहुल्या आणि मागे कोपऱ्यात बोटभर उंचीची एक बाई, सोनेरी वस्त्र नेसलेली. पुढ्यात लाल सरबताची बाटली, स्ट्रॉ घालून ठेवलेली. रिसेप्शनवरची मुलगी संचिताला म्हणाली, या जागेत राहणाऱ्यांचं घर आहे ते, लांबून नमस्कार करा, हात लावू नका.

पण मला कोण शिकवणार? मला त्या कोपऱ्यातल्या बाईचा कळवळा आला. सासूसासऱ्यांच्या मागे उभी, कपाळ मोकळं. निघायच्या दिवशी मी तिला हळदकुंकू लावलं. खिचडीसाठी नेलेल्या तांदळातले मूठभर आणि बॅगेतला एक ब्लाउजपीस घेऊन तिची ओटी भरली, आणि आपण कुणालाही म्हणतो तसं म्हणून गेले, "ये हो माहेरपणाला चार दिवस." उचलली जीभ लावली टाळ्याला.

ठाण्याला आल्यावर तिसऱ्या दिवशी सान्वीने जेवताना शेजारच्या खुर्चीपुढे आणखी एक ताट मांडायला लावलं. "ती पण जेवणारे." पोरांचे खेळ म्हणून मी मांडलं. ताटाशेजारचा कोकम सरबताचा पेला माझ्या डोळ्यांदेखत खाली खाली जात रिकामा झाला. सान्वी तेव्हा आत हात धूत होती.

साकेतला सांगितलं तर म्हणतो, "आई, जेट लॅग असेल गं." दीड तासाच्या फरकाचा कसला आलाय जेट लॅग.

पुढच्या आठवड्यात सान्वीला शाळेत सोडायला निघाले, तर गेटवरचे धोंडीबा म्हणाले, "आजी, आज एकट्याच?" पोर माझं बोट धरून उभी होती. मी त्यांना चष्मा बदलायला सांगितलं. दुपारी शाळेतून मेसेज आला, सान्वी गैरहजर. मी स्वतः तिला बाकावर बसवून आलेले. मग एका संध्याकाळी संचिताने तीनच ताटं वाढली. सान्वीचं कुठंय विचारलं तर म्हणाली, "कुणाचं?" पोटच्या पोरीला आपण विसरलो हे लक्षात आल्यावर ती ओट्याला टेकून रडली. आमची सान्वी आमच्यातच बसून आमच्यातून जात होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सान्वी दप्तरात फ्रॉक भरत होती.

"कुठे निघाली माझी बाय?"

"ती उद्या सासरी चाललीय. एकटीला नको वाटतं तिला. मी जाणारे सोबत. चारच दिवस, आजी. व्हिसा नाही लागत."

सासरी निघालेल्या पोरीला एकटं धाडत नाहीत, घरातलं कुणीतरी पाठराखीण म्हणून जातं. आठ वर्षांची असताना मीही शेवंतीआत्याबरोबर संगमेश्वरला गेलेले. हात दाखवून अवलक्षण मीच केलं होतं. माहेर मी देऊ केलं, आता पाठराखीण माझ्याच घरातली मागितली तर तिचं काय चुकलं? माहेरवाशिणीला हाकलता येत नाही. पण सोबत कुणाला धाडायचं, ते माहेरची मोठी बाई ठरवते.

घरात होता तो नवा खण काढला, नारळ घेतला, आणि सान्वीच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ओटी भरली. खण-नारळ खुर्चीला टेकले नाहीत. कुणाच्या मांडीवर असावेत तसे वीतभर वरच राहिले.

मला भीती वाटली, खूप वाटली. तरी बोलले. "हे बघ बाई, पोर लहान आहे. तिची शाळा आहे, तिची आई आहे. मी येते तुझ्यासोबत. माझं मी करून घेते, तुला त्रास नाही माझा."

एक गार हात माझ्या तळहातात आला. सान्वीने दप्तरातले फ्रॉक काढले आणि कार्टून बघायला गेली.

सकाळी ती दोन पोळ्या खाऊन शाळेला निघाली. एका बाजूला संचिता, दुसऱ्या बाजूला मी. गेटवर धोंडीबा हसून म्हणाले, "काय सान्वीबाय, आज आईबरोबर? आजी कुठे गेली?"

तिचा हात माझ्या हातात होता. तिने वर बघितलंसुद्धा नाही.

"आजी गावाला गेली," ती म्हणाली आणि हात काढून घेतला.