फिरत्या ढालीची चुळबुळ

मित्रांनो, मी एक जुनी फिरती ढाल आहे. फिरती म्हणायची ती आता फक्त नावाला! अकोल्याकडच्या मालेगावच्या एका कॉलेजात, देवमन सरांच्या खोलीत, मला कपाटावर टेकवून ठेवलंय. तिथून मी दिवसभर खाली बघते आणि नुसती तळमळते. एका जागी बसणं माझ्या रक्तातच नाही हो.

अकोल्याच्या एका कारागिराने मला सागवानातून घडवलं. मधोमध पितळी पत्रा ठोकला आणि भोवती विजेत्यांची नावं कोरायला पट्ट्या लावल्या. वक्तृत्व स्पर्धेत जो पहिला येईल त्याच्या घरी मी वर्षभर राहायचं आणि पुढच्या स्नेहसंमेलनाला परत यायचं, असा रिवाज. काय दिवस होते ते! मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसून मी गावोगाव गेले. शिरपूरच्या केशरबाईने तर मला थेट देव्हाऱ्याशेजारी बसवलं. लेकाने बक्षीस आणलं, म्हणून दर गुरुवारी मला हळदीकुंकू! चिंच लावून असं लख्ख घासायची की बस्स. पाहुणा आला की चहाच्या आधी माझी ओळख करून द्यायची. मी फुगून जायचे.

मग काळ पालटला. वक्तृत्व स्पर्धा बंद पडली आणि मी कपाटावर गेले. देवमन सरांनी ‘डिजिटल पोर्टफोलिओ’ आणला. म्हणजे काय, तर प्रत्येक विद्यार्थ्याचं इंटरनेटवर स्वतःचं एक पान. केलेल्या कामाचे फोटो, व्हिडिओ, लिखाण, सगळं तिथे चढवायचं. सरांना काम पटलं की त्या पानावर एक रंगीत बॅज उमटतो. ना लाकूड, ना पितळ, ना वजन! मला तर हसूच आलं. हे कसलं बक्षीस? खिळ्याला टांगता येत नाही, चिंचेने घासता येत नाही! पण पोरं वेडी झाली. “सर, माहा बॅज आला!” करत खोलीत घुसायची. गोपाल नावाच्या एकाने तर भाचीच्या वाढदिवसाचे फोटो ‘कार्यक्रमाचं नियोजन’ म्हणून चढवले.

“अरे, याच्यात तू काय नियोजन केलं?” सरांनी विचारलं.

“सर, केक मीच आणला ना!”

बॅज काही मिळाला नाही. पण पठ्ठ्याने पुढे रक्तदानाचं शिबिर उभं करून तोच बॅज मिळवला, तेव्हा माझं हसू जरा ओसरलं.

याच खोलीत मी अंजूला पाहिलं. तांड्यावरची पोरगी, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. तिचे आईबाप, रामीबाई आणि भाऊसिंग, दिवाळीनंतर दूर कारखान्याकडे ऊस तोडायला जात. धाकट्या भावंडांना सांभाळायला हिलाही जावं लागे. निघायच्या आधी ती सरांपुढे उभी राहिली.

“सर, मी तं चालली. माहं नाव कटते का?”

“काहून कटते? पान तुह्या मोबाईलात हाय. तिकडं जे करशीन ते टाकत जा.”

आणि तिने टाकलं! ऊसतोडीच्या टोळीतली लहान पोरं गोळा करून तिने कोपीपुढे, म्हणजे पाचटाच्या झोपडीपुढे, शाळाच मांडली. कधी पाटीवरच्या वेड्यावाकड्या अक्षरांचा फोटो यायचा, कधी पाढ्यांच्या कल्ल्याचा व्हिडिओ. सरांनी तिला ‘शिक्षकमित्र’ हा बॅज दिला. सरांचा संगणक माझ्या अगदी समोर. सकाळी तो सुरू झाला की आधी मी डोकावायचे, आलं का अंजूचं काही? बॅजला नावं ठेवणारी मी, पण आता मलाच चैन पडेना.

संक्रांत झाली आणि तिचं पान एकदम गप्प झालं. आज नाही, उद्याही नाही. सर फोन लावायचे, तो लागायचा नाही. सर खाली येरझारा घालत, मी वर चुळबुळत. पोरगी आजारी तर नाही ना? की शिकणंच सोडलं बाईने? पाय असते तर उसाच्या फडापर्यंत चालत गेले असते मी!

होळीनंतर ती आली, पण बापाला घेऊन. भाऊसिंगने उभ्या उभ्याच सांगितलं, “सर, पोरीचा दाखला काढून द्या. अर्धं साल कॉलेजात नसते ते. नाव ठेवून फायदा काय?”

अंजू जमिनीकडे बघत होती. “तू टाकणं काहून बंद केलं?” सरांनी विचारलं.

“दाखला काढाचा ठरला, सर. मंग कोणासाठी टाकू?”

सरांनी घाईघाईने तिचं पान उघडलं, व्हिडिओ लावला, बॅज दाखवला. भाऊसिंगने डोळे बारीक करून पाहिलं. “हे तं चित्र हाय. तांड्यावर लोकायले काय दाखवू?”

तेव्हा सर स्टुलावर चढले आणि त्यांनी मला खाली काढलं! “हे घ्या. हे तं हाती लागते. यंदा ढाल अंजूची, नाव कोरून देतो.”

भाऊसिंगच्या घट्टे पडलेल्या तळहातांवर मी विसावले. त्याचा चेहरा खुलला. मला वाटलं, जिंकलो आपण! पोरीचं कॉलेज वाचलं आणि माझं फिरणं पुन्हा सुरू झालं.

“नको, सर,” अंजू म्हणाली. “बा, दिवाळी झाली का आपल्या घराले कुलूप लागते. हे कोणापाशी ठेवता? मोबाईलातलं माह्या संगं येते.”

खोटं कशाला बोलू, मला फार लागलं ते. एवढी गावं फिरले, पण अर्धं वर्ष कुलूप असणाऱ्या घरी मी कधीच गेले नव्हते. माझ्यावर कोरलेल्या नावांत तांड्यावरचं एकही नाव नाही. स्पर्धा व्हायच्या थंडीत, आणि ती पोरं तेव्हा फडात असायची. कोण येणार होतं मला न्यायला?

भाऊसिंगने मला जपून टेबलावर ठेवलं आणि तो संगणकाकडे वळला. “ते पोरायचं परत लावा बरं.”

सरांनी लावलं. पाढे म्हणता म्हणता पोरं हात वर करून ओरडत होती, “मॅडम, मी सांगतो! मॅडम, मी!”

“मॅडम म्हणून राह्यले इले,” भाऊसिंग पुटपुटला. लेकीकडे त्याने पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं. मग म्हणाला, “सर, आमी कारखान्यावर असलो तरी हे चालू राह्यते?”

“राह्यते. परीक्षेले तेवढी पाठवा.”

“पाठवतो. दाखला राहू द्या.”

अंजू रडायलाच लागली. मला आसवं असती तर मीही रडले असते.

मित्रांनो, मला अधूनमधून पुसा, वाळवीपासून जपा. म्हाताऱ्या ढालीने आणखी काय मागावं? पण त्याआधी एक करा. तुमच्या वर्गातली जी जागा दिवाळीनंतर रिकामी होते, तिथे बसणाऱ्याला फोन लावा. तो तिकडे काय करतोय ते विचारा, आणि चांगलं करत असेल तर त्याला तसं सांगा. नाहीतर कोणासाठी करायचं, असं त्याला वाटू लागतं.