बावीस नंबरची सरी

मित्रांनो, मी एक जुनी गॅसवाहिनी आहे. जुनी म्हणजे तुमच्याएवढीच, बारा-तेरा वर्षांची. पण जमिनीखाली वय लवकर चढतं. बंगळूरजवळ येलहंक्याच्या पलीकडे माळावर नंबर घातलेले पिवळे खांब दिसतात ना, त्यांच्या खालून मी जाते.

पोलादाच्या नळ्या एकेक सांधा वितळवून जोडल्या, प्रत्येक सांध्याचा एक्स-रे काढला, अंगावर प्लास्टिकचा जाड थर चढवला आणि मला दोन हात खोल पुरलं. लोक मेलेल्यांना पुरतात; मला कामाला लावण्यासाठी पुरलं. समुद्रकाठी यंत्रं वायू दाबून माझ्यात भरतात आणि तो शेकडो मैल धावत बंगळूरला येतो. वेशीवर त्याचा दाब उतरवतात आणि तिथेच त्यात वास मिसळतात, म्हणजे गळती नाकाला कळावी. माझ्या पोटात असेपर्यंत त्याला वास नसतो. पहिला वायू आला त्या दिवशी माझ्या झडपेला हार घातला होता. पुढे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

एक पिराजी सोडून. हा निपाणीकडचा. माझ्यावरून रोज आठ किलोमीटर चालायचं, कुणी खणत नाही ना, गवत अचानक पिवळं पडत नाही ना ते बघायचं आणि फोनवर कळवायचं, ही त्याची नोकरी. फोन घ्यायचे गुरुराज. ते बंगळूरचेच, साडेतीनशे वर्षांपूर्वी इथे आलेल्या मराठी घराण्यातले. परमुलखात मराठी साहेब मिळाला म्हणून पिराजी हरखून गेला होता. त्यांना तो अण्णा म्हणे. बाकी सगळ्यांशी तो कानडी बोले, अण्णांशी मात्र हट्टानं मराठीच.

गेल्या उन्हाळ्यात नव्या वसाहतीचं खोदकाम करणारं यंत्र कुणाला न विचारता माळावर आलं. त्याचे दात माझ्या पाठीवरून फिरले. थर सोलून निघाला, पोलादावर हातभर खाच पडली. चालकाची पाचावर धारण बसली; यंत्र घेऊन तो पसार झाला. दुपारी पिराजी पोचला. उसाच्या रानात पाडतात तसा लांबलचक चर त्याला दिसला. त्यानं धापा टाकत फोन लावला.

"अण्णा, बावीस नंबरला सरी हाय बघा!"

"सरी आहे?"

"व्हय अण्णा, सरीच हाय!"

"सरी, सरी. पुढं जा मग. ऊन फार आहे, स्वल्प पाणी पी."

मित्रांनो, निपाणीच्या मराठीत सरी म्हणजे चर. गुरुराजांच्या घरात कानडी इतकी मुरली आहे, की त्यांच्या मराठीत सरी म्हणजे ठीक. त्यांनी वहीत बावीस नंबरपुढे 'ठीक' लिहिलं. पिराजी त्या दिवशी कानडीत बोलला असता तर मी वाचले असते.

पाप झाकायला वसाहतवाल्यांनी संध्याकाळी चर बुजवला. दुसऱ्या दिवशी पिराजीनं सपाट माती पाहिली आणि त्याला भरून आलं. "अण्णांनी लगेच माणसं लावली," तो स्वतःशीच म्हणाला. "आपला माणूस तो आपलाच." दोघंही भले. भल्यांनीच माझा घात केला, आता रागावू तरी कुणावर?

गंज चढू नये म्हणून माझ्या अंगात बारीक वीज सोडतात, पण एवढ्या जखमेला ती पुरत नाही. पोटातून फिरून जखमा शोधणारं यंत्र यंदा येणार होतं, ते पुढच्या वर्षावर गेलं. गंज रोज थोडा आत सरकतो आणि वायूचा दाब तोच आहे. गळती लागली की गवत पिवळं पडतं म्हणे. या नव्या मातीत गवतच नाही, पिवळं पडणार काय, कपाळ!

मला माझं काही वाटत नाही. लोखंडच ते. पण ही जागा मऊ आणि सपाट झाली म्हणून पिराजी हल्ली रोज दुपारी इथेच भाकरी सोडतो. मला भीती वाटते ती त्याची.

मित्रांनो, कोणी घाईनं काही सांगितलं, तर 'बरं, बरं' म्हणण्याआधी एकदा विचारा, "म्हणजे काय?" आपल्याच भाषेतला माणूस असेल, तर दोनदा विचारा.

आत्ताच पिराजी जेवून आडवा झालाय. त्याचा कान अगदी माझ्या खाचेवर टेकलाय, मध्ये फक्त दोन हात माती. आणि मला बोलता येत नाही.