मंजूर आक्षेप

चिकित्सक विचार उपक्रमाच्या समन्वयक बाईंचं कंत्राट महिनाअखेरीस संपत होतं. आज भर सभेत कुलगुरूंसमोर कुणी आक्षेप घेतला, तरच विद्यापीठात उपक्रम रुजला असं ठरून कंत्राट वाढणार होतं. म्हणून बाईंनी ग्रंथपालांना गळ घातली, त्यांचा आक्षेप स्वतः टाइप केला आणि कुलसचिवांकडून रीतसर मंजूरही करून घेतला.

वेळ आली. ग्रंथपाल उठले, कागद उलगडला, कुलगुरूंकडे पाहिलं आणि म्हणाले, "मी पूर्णपणे सहमत आहे."



"बाई, तुम्हीच सांगा. रुजला का उपक्रम?" कुलगुरूंनी विचारलं.

हो म्हणावं तर धडधडीत खोटं, नाही म्हणावं तर नोकरी जाणार. बाई म्हणाल्या, "नाही, सर. इथे अजून सगळे तुमच्या तोंडाकडे बघूनच बोलतात."

पंखेसुद्धा दबकून फिरू लागले.

"बाईंचं म्हणणं कुणाकुणाला पटतं?" असं विचारता विचारता कुलगुरूंनी कान खाजवायला हात उचलला. त्यासरशी सभागृहातले सगळे हात वर गेले. ग्रंथपालांचे तर दोन्ही.

कुलगुरूंनी हात हळूच खाली घेतला. सगळ्यांनी घेतले.

"अजून एक वर्ष तरी लागेल, बाई," ते म्हणाले.