रुद्राणीचा चाखायचा पेला

मित्रांनो, मी जुना आहे, काचेचा आहे आणि माझ्या काठाचा तांदळाच्या कणीएवढा टवका उडालेला आहे. मला उंच, बारीक असा एकच पाय आहे. पण खरे सांगू का, निवांत उभे राहणे मला कधी जमलेच नाही. पाण्याच्या तांब्यात भरलेले पाणी दिवसभर राहते. माझ्यात आलेले काहीच टिकत नसे. ओतले, गोल फिरवले, हुंगले, एक घोट तोंडात घेतला आणि उरलेले मोरीत. दिवसातून तीस तीस वेळा माझे पोट भरे आणि तितक्याच वेळा रिकामे होई. असे आयुष्य गेल्यावर जीव थाऱ्यावर कसा राहणार?

माझा जन्म फिरोजाबादच्या एका भट्टीत झाला. तिथून आम्ही सहा भावंडे गवतात गुंडाळून, खोक्यात बसून निघालो. रेल्वे, ट्रक आणि शेवटी एसटीचा टप. आष्टीला खोके उघडले तेव्हा चौघांचे तुकडे झाले होते. उरलो मी आणि माझा एक भाऊ.

खोके उघडणाऱ्याचे नाव सुंदरराव. आष्टीजवळ त्याची द्राक्षबाग होती आणि बागेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये स्टीलच्या टाक्या बसवून त्याने द्राक्षांच्या वाइनचा छोटा कारखाना काढला होता. साल होते दोन हजार दोन. बाहेरच्या देशांचा माल नुकताच आपल्या बाजारात दिसू लागला होता. शेतकऱ्यांच्या एका दौऱ्याबरोबर सुंदरराव स्पेनला जाऊन आला होता आणि तिथे त्याने पाहिलेली एक गोष्ट त्याच्या डोक्यातून जात नव्हती. भिंत बांधणारा एक गवंडी दुपारी जेवायला बसला आणि त्याने भाकरीसारख्या जाड पावाबरोबर एक पेलाभर वाइन घेतली, आणि पुन्हा कामाला लागला. “तसली करायची,” सुंदरराव म्हणे. “मोठ्या हाटेलातली न्हाई. साध्या मानसाला परवडंल अशी.”

म्हणून त्याने मुंबईच्या मेहुण्याकडून जगभरच्या बाटल्या मागवल्या. त्यातल्या बहुतेक त्या त्या देशातले लोक रोजच्या जेवणाला घेतात तशा, स्वस्तातल्या. चिलीची, पोर्तुगालची, दक्षिण आफ्रिकेची, ऑस्ट्रेलियाची, इटलीची. त्या चाखून, पारखून आपली वाइन कशी असावी हे ठरवण्यासाठी त्याने रुद्राणीला नोकरीवर ठेवले.

रुद्राणी चोवीस वर्षांची होती. नेकनूरच्या रुद्रप्पा किराणावाल्याची मुलगी. परभणीला अन्नतंत्राचे शिक्षण घेऊन आलेली. वडिलांना तिने सांगितले होते की मी फळांच्या कारखान्यात तपासनीस आहे. ते खोटे नव्हते, पण पुरतेही नव्हते, आणि तो अर्धवटपणा तिला सुखाने बसू देत नसे. दारात एसटीचा आवाज आला की मला टेबलावर ठेवून ती खिडकीशी जाई.

चाखताना ती मोठ्याने बोले. “चिलीची लाल. पिकलेलं जांभूळ, अन् मागून जराशी हिरवी मिरची. पोर्तुगालची पांढरी, कैरीसारखी आंबट, जिभेवर बारीक बुडबुडे. आफ्रिकेची, पेरू.” मग ती घोट बादलीत थुंकून टाकी.

आम्हाला धुणारी दगडाबाई हे रोज बघे आणि एक दिवस तिला राहवले नाही. “ताई, थुकायचंच हाय तर तोंडात घ्यायचं कावून?”

“गिळलं तर दहाव्या बाटलीला मला काय कळंल, दगडाबाई?”

“म्हंजी निस्तं तोंडाला गंडवायचं,” दगडाबाई म्हणाली आणि मला खसाखसा धुऊ लागली.

त्या बाटल्यांनी मला एक गोष्ट शिकवली. सोनेरी मुकुटाच्या लेबलाची एक बाटली सगळ्यांत महाग होती. वहीत तिच्यापुढे रुद्राणीने लिहिले, ‘लाकूड चावल्यासारखं.’ स्पेनच्या कुठल्याशा गावातल्या शेतकऱ्यांनी मिळून केलेली एक साधी, स्वस्त वाइन मात्र तिने माझ्यात तीनदा ओतली. उजेडाकडे धरून म्हणाली, “हिच्यात काय लपवलेलंच न्हाई.” तशीच वाइन करायची तिने ठरवली. स्वच्छ, हलकी, त्याच वर्षी संपवायची.

आणि झालीही तशी! टाकीतून पहिल्यांदा माझ्यात आली तेव्हा तिला करवंदाचा वास होता. सुंदररावाने मला हातात धरून शेडभर फेऱ्या मारल्या. श्रावणात दोन हजार बाटल्या भरून, बुचे ठोकून झाल्या. पुढच्या शुक्रवारी पुण्याचा घाऊक व्यापारी माल बघायला येणार होता. त्याने पसंत केली की वाइन दुकानांत जाणार होती.

त्याच आठवड्यात घोळ सुरू झाला. सोमवारी रुद्राणीने एक बाटली उघडली. छान. दुसरी फोडली आणि ती थबकली. करवंदाचा वास मेला होता. त्या जागी काहीतरी मळकट, दबलेले. तिसरी पुन्हा छान. तिने मला धुतले, भावाला धुतले, पुन्हा ओतले. मंगळवारी आठ बाटल्या, बुधवारी बारा. काही चांगल्या, काही तशा. बिघडलेल्यांपुढे ती वहीत नुसत्या फुल्या मारत सुटली, कारण त्या वासाला तिला नाव सापडत नव्हते. जेवण सोडले. शेडमध्ये इकडून तिकडे चालत राही आणि मी तिच्या हातात डचमळत राही.

सुंदररावाला तिने सांगितले. तो म्हणाला, “टाकीत चांगली व्हती ना? मग बाटलीत कशानं बिघडंल? वहम हाय तुझा.”

गुरुवारी दुपारी, ज्या एसटीची तिला धास्ती होती, त्याच एसटीतून रुद्रप्पा उतरले. धोतर, काळी टोपी, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि हातात स्वतःच्या पाण्याचा तांब्या.

“अप्पा!” रुद्राणी म्हणाली.

“सामान भर. पाचची गाडी हाय.”

“झालं काय?”

“नेकनूरच्या बाजारात चार मान्सांत मला इचारलं, अप्पा, तुमची पोरगी दारू चाखाय बसती म्हणं. मी म्हणलो, न्हाई, फळाच्या कारखान्यात हाय. समदे हसले.” त्यांनी टोपी सारखी केली. “मला तू कावून न्हाई सांगितलं?”

“सांगितलं असतं तर येऊ दिलं असतं का?”

त्यांनी तांब्या उंबऱ्यावर टेकवला. रुद्राणी म्हणाली, “मला दोन घंटे द्या. उद्या गिऱ्हाईक येतंय. माल चांगला हाय का बिघडलाय, तेवढं मला समजू द्या. मग तुमी म्हणाल तसं.”

“दोन घंटे. मी दारातच बसतो. आत येणार न्हाई.”

ते उंबऱ्यावर पाठ करून बसले. रुद्राणीने बाटली फोडली, माझ्यात ओतली. दुसरी, तिसरी. चौथी फोडली आणि खिडकीतून वारा शिरून दाराकडे गेला. रुद्रप्पांनी मान वळवली.

“पोतं कुठं भिजलंय?”

“इथं पोतं न्हाई, अप्पा.”

“हाय. भिजून सावलीत वाळलेलं. असल्या पोत्यातली डाळ चाळीस वर्षं परत धाडतोय मी.”

ते उठले आणि आत येणार नाही म्हटलेले विसरून सरळ टेबलाशी आले. रुद्राणीने मला पुढे केले. “पायाला धरा. पोटाला धरलं तर हाताचा वास लागतो.” त्यांनी मला बिचकतच धरले. ओठ घट्ट मिटून घेतले आणि नाक माझ्या काठाशी आणले. कितीजणांनी मला हुंगले असेल, पण तेवढा लांब श्वास कुणी घेतला नव्हता.

“ह्यातच हाय,” ते म्हणाले.

मग रुद्राणी टेबलाकडे पाठ करून उभी राहिली. दगडाबाईने रुद्राणीच्या वहीत नोंदलेल्या, आधीच उघडलेल्या दहा बाटल्या उलटसुलट क्रमाने आम्हा दोघा भावांमध्ये ओतल्या. रुद्रप्पा एकेक हुंगत गेले. न्हाई. न्हाई. हाय. एक थेंबही त्यांच्या ओठाला लागला नाही. दहापैकी तीन बाटल्या त्यांनी बाजूला काढल्या. रुद्राणीने वही उघडली. त्याच तिघींपुढे तिच्या फुल्या होत्या.

तिने वही टेबलावर ठेवली. “मला वाटलं माझं नाकच गेलं.”

“नाक न्हाई गेलं. तुला नाव सापडत नव्हतं,” रुद्रप्पा म्हणाले. “तू कुठं पोत्यांत बसलीस?”

दगडाबाई कपाळावर हात मारून म्हणाली, “ताई, बुचं तर पोत्यांपाशीच ठेवलीती!” सगळे मागच्या खोलीत गेले. बुचांची प्लास्टिकची पिशवी फाटलेली होती आणि ओल्या भिंतीला टेकलेल्या जुन्या गोणपाटाखाली ती महिनाभर पडून होती. बुचाला वास लागला आणि बुचाचा वाइनला.

सगळे परत टेबलाशी आले, तेवढ्यात सुंदरराव आला. ऐकून त्याचे डोके फिरले. “अप्पा, तुमी घेता का?”

“आमच्यात कुणीच घेत न्हाई.”

“मग तुमाला त्यातलं काय कळतं?”

“त्यातलं कायच कळत न्हाई. पोत्यातलं कळतं.”

“उद्या माल दाखवला न्हाई तर पुण्याचा मानूस परत येणार न्हाई!” असे म्हणून त्याने माझ्या भावाला टेबलावर आदळले. भावाचा पाय मोडला. तो आवाज माझ्या कानात अजून आहे.

रुद्राणी पुढे झाली. भावाचे तुकडे बाजूला सारून ती म्हणाली, “काका, रोज घ्यायची वाइन करायची, हे तुमीच म्हणलात. महागाची बाटली मानूस सणाला घेतो. खराब निघाली तर इसरून जातो. रोजची एकदा खराब निघाली की तो पुन्हा हातच लावत न्हाई. पाठवायची तर पाठवा, पण तपासली म्हणून मी सही करणार न्हाई.”

“पोरगी बरोबर बोलती,” रुद्रप्पा म्हणाले. “केशर वाईट निघालं तर गिऱ्हाईक भांडाय तरी येतं. चहापत्ती वाईट निघाली की गुमान दुसऱ्या दुकानात जातं.”

मग सुंदररावाने बाजूला काढलेल्या एका बाटलीतली वाइन माझ्यात ओतली आणि मला हुंगले. पुन्हा हुंगले. त्याचा चेहरा उतरला. “आयला. पोतंच की.”

पुण्याच्या व्यापाऱ्याला त्याने फोन करून येऊ नका म्हणून सांगितले. तो बराच तडकला. मग दोन हजार बाटल्यांची बुचे काढणे सुरू झाले. प्रत्येक बाटलीतली वाइन माझ्यात थोडी ओतायची, हुंगायची, ठरवायची. पाचची गाडी निघून गेली. शुक्रवारच्या गाड्याही गेल्या. रुद्रप्पा उंबऱ्यावर नव्हे, टेबलाशी बसले होते, ओठ मिटून. त्या घाईतच माझ्या काठाचा टवका उडाला. सहाशेहून जास्त बाटल्या मोरीत गेल्या. बाकीच्यांना नवी बुचे लागली. दिवाळीनंतर पुण्याचा माणूस आला आणि त्याने निम्माच माल उचलला. मोठे नाव काही झाले नाही. पण पुढच्या वर्षी त्याने स्वतःहून मागणी केली.

दोन रात्री मुलीच्या भाड्याच्या खोलीवर काढून शनिवारी निघताना रुद्रप्पा सामानाबद्दल काही बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, “तुझ्या खोलीच्या भिंतीला ओल हाय. दुसरी खोली बघ.”

पुढे नव्या पेल्यांची बारा जणांची पेटी आली आणि फुटक्या काठाचा म्हणून मला मागच्या फळीवर टाकले. माझ्यात रबर, पिना, पेन्सिलीचे तुकडे. मित्रांनो, ज्याला कधी भरलेले राहू दिले नाही, त्याला आता कुणी रिकामे करेना! दोन वर्षे मी तशीच तळमळत काढली. एकदा रुद्रप्पा मुलीला भेटायला आले आणि त्यांनी मला ओळखले. “ह्याला इथं कावून टाकलं? मला दे.”

तेव्हापासून मी नेकनूरच्या दुकानात आहे. शेंगदाण्याच्या तेलाचा डबा आला की अप्पा माझ्यात बोटभर तेल ओततात, फिरवतात आणि हुंगतात. एका बाजाराच्या दिवशी सटवा नावाचे गिऱ्हाईक हसून म्हणाले, “अप्पा, दारूचा पेला अन् तुमच्या दुकानात?”

दुकान माणसांनी भरलेले होते. अप्पांनी माझा पाय नीट बोटांत धरला. “माझ्या पोरीचा पेला हाय,” ते म्हणाले. “वाइनच्या कारखान्यात तपासनीस हाय ती. तिनं न्हाई म्हणलं की माल गेटाच्या भाईर जात न्हाई.” आणि हे ते रस्त्यापलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले.

मित्रांनो, माझ्यात जे ओतले जाई ते तुम्हा मुलांसाठी नव्हते. पण तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला ओला, पालथा घालून कपाटात कोंडू नका. कोंदट वास काचेलाही धरतो. आणि कुणी हळू आवाजात म्हणाले, इथे काहीतरी बिघडले आहे, पण काय ते सांगता येत नाही, तर त्याला वहम म्हणू नका. त्याच्याजवळ उभे राहा आणि तुम्हीही एकदा हुंगून बघा.