धाकटीच्या पट्ट्यातली अकरा रोपं

थोरल्या जावेने धाकटीच्या स्वच्छ पट्ट्यात गाजरगवत पसरवलं. छे, असं काही झालेलंच नाही. झालं ते एवढंच.

कालव्याकाठी गाजरगवत उपटायला वसाहतीतल्या प्रत्येक घराला एकेक पट्टा नेमून दिलेला. थोरली सहा वर्षं हातमोजे घालून, फुलं यायच्या आत, मुळासकट उपटत होती. बी चिखलात दडून राहतं आणि बुटांना चिकटून गावभर फिरतं, म्हणून पट्ट्याबाहेर पडताना बूट घासायचे, हा नियम तिचाच. फाटकाजवळची बादली आणि ब्रशही तिच्याच घरचे. यंदा पहिल्यांदाच तिथे 'उत्कृष्ट राखणदार' असा फलक लागणार होता. आपलं नाव त्यावर किती ठळक असावं, हे थोरलीने मनात ठरवूनही टाकलं होतं.

धाकटी लग्न होऊन शेजारच्या घरात आली सात महिन्यांपूर्वी. उद्यान खात्याचा निरीक्षक तिच्या पट्ट्यापाशी थबकला. "वा, औषधालाही रोप नाही." सहा वर्षांत थोरलीला तो एवढंच म्हणाला होता, "बादली जरा बाजूला घ्या."

"तिचा पट्टा सावलीत आहे," थोरली नवऱ्याला म्हणाली.

"सावलीत गवत उगवत नाही?"

"तुम्ही घ्या तिचीच बाजू."

"मी गवताची घेतोय."

थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. त्यावर ओव्याचा उपयोग नव्हता. दुसऱ्या दिवशी आपलं काम अर्धवट टाकून ती तडक धाकटीच्या पट्ट्यात शिरली आणि एखादं तरी रोप हाती लागेल म्हणून सगळा पट्टा पायाखाली घातला. सापडलं काहीच नाही. घरी आल्यावर तिने बुटांचे तळ पाहिले. आपल्या पट्ट्यातून निघताना ते घासलेच नव्हते. तिने बूट खाटेखाली सरकवले.

तीन आठवड्यांनी तिथे अकरा रोपं उगवली, बरोबर एकेका पावलाच्या अंतरावर. धाकटीने त्याच दिवशी उपटून खात्याला कळवलं. निरीक्षक गहिवरला. इतकी बारीक नजर त्याने पाहिली नव्हती म्हणे. फलकावर धाकटीचं नाव लागलं.

"ताई, सगळं तुम्हीच तर शिकवलंत," धाकटी म्हणाली. तेही मनापासून. हे जास्त झोंबलं.

थोरलीने कागद ओढला.

"मा. उद्यान अधिकारी यांस सविनय अर्ज. सदर अकरा रोपे उगवणार, हे अर्जदारास इतर सर्वांच्या तीन आठवडे आधी ठाऊक होते. तरी ती कोठून आली याची चौकशी न करता, केवळ अर्जदाराची दूरदृष्टी विचारात घेऊन फलकावरील नाव बदलून मिळावे, ही नम्र विनंती."