दीड इंच

फरशीमिस्त्री म्हणजे एका सुताचा फरक सहन न होणारा माणूस. कुणाच्या घरात पाऊल टाकलं की आधी जमिनीचा उतार बघणार, मग घरमालकाचं तोंड. बायकोला दिवस गेले तेव्हा यानं टेप काढून तिचं पोट मोजायला घेतलं. "अहो, मी भिंत नाहीये," असं ती म्हणाली, तरी दर रविवारी मोजलंच. सोनोग्राफीत बाळ सव्वा इंचाचं निघालं, तेव्हा हा पठ्ठ्या दिवसभर येईल-जाईल त्याला अंगठ्याचं पेर दाखवत होता.

मुलगी झाली, उभी राहिली, आणि स्वयंपाकघराच्या चौकटीवर दर वाढदिवसाला पेन्सिलीची खूण पडू लागली. आठव्या वर्षी ती अशी सुटली की वर्गातली पोरं तिला शिडी म्हणायची. नवव्या वर्षी पाळी आली. आई धास्तावली, पण बाप म्हणाला, "लवकर वाढतेय, वाढू दे की." अकराव्या वाढदिवसाला खूण चांगली दोन इंच वर गेली आणि आईचाही जीव भांड्यात पडला.

त्यानंतरच्या दोन वर्षांत जेमतेम अर्धा इंच. पुन्हा सुटेल, पुन्हा सुटेल, असं म्हणत बापानं वेळ काढला. शेवटी आईनं हट्टानं दोघांनाही डॉक्टरीणबाईंसमोर आणून बसवलं.

बाईंनी पोरीच्या हाताचा एक्स-रे उजेडासमोर धरला. वाढत्या मुलांच्या हाडांना टोकाशी फट असते. हिची मिटली होती. पाळी लवकर आली की कधीकधी ही फटही लवकर मिटते, असं त्या म्हणाल्या. "उंची आता एवढीच राहणार. दहाव्या वाढदिवसापासून अकराव्यापर्यंत किती वाढली होती?"

"दोन इंच." मिस्त्रीनं मोबाइलवरचा चौकटीचा फोटो पुढे केला.

"मग तुम्हाला शंका येण्यासारखं काही नव्हतं. तेव्हाच थांबली असती, तर लगेच आणायला हवी होती. फट थोडी उघडी असणार, काहीतरी करून बघता आलं असतं."

मिस्त्री फोटोकडे बघत राहिला. खाली नवी फरशी दिसत होती. मुलीला दहा पूर्ण झाल्यावर त्यानंच ती बसवली होती, जुनी न उखडता, तिच्यावरच. जमीन दीड इंच वर आली. दार घासायला लागलं म्हणून खालून तासलं, मोरीचं तोंड उचललं, सगळं आठवणीनं केलं. खुणांचं मात्र डोक्यातच आलं नाही. पोर दीड इंच उंचावर उभी राहिली, आणि त्यानं ते तिच्या वाढीत धरलं.

"अर्धाच इंच," तो म्हणाला. मग त्यानं सगळं सांगितलं. त्याला वाटलं, बायको आता फाडून खाईल. तिनं नुसता पदर तोंडाला लावला. ते त्याला जास्त लागलं.

"औषध आता सुरू केलं तर?" मुलीनं विचारलं.

बाईंनी नकारार्थी मान हलवली.

मुलगी बापाकडे वळली. घरात काहीही मोडलं, गळायला लागलं, की ती त्याच्याकडेच यायची. "बाबा, काहीतरी करा ना," ती हळूच म्हणाली.

तो खुर्चीतून उठला. उठून काय करायचं ते सुचेना, म्हणून पुन्हा बसला.