वरवंट्याचं बारसं

माझा स्वभाव तापट आहे हे मोशीपासून दिघीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचा कुणाला उपयोग झाला तो मात्र त्या एकाच दिवशी.

भावाच्या पोराचं बारसं होतं. आत्याशिवाय नाव ठेवणार कोण? मी सकाळीच मोशीहून चालत निघाले. दिघीच्या चावडीपाशी पोचले तर आत लष्कराचा एक हवालदार गावातल्या पुरुषांना काहीतरी समजावत होता. बायकांना कुणी बोलावलं नव्हतं. जणू लष्कराच्या रानात शेण-काटक्या वेचायला पुरुषच जातात. मी भिंतीच्या सावलीला टेकले आणि ऐकत राहिले.

हवालदाराच्या हातात तोफेच्या गोळ्याचा लाकडी, रंगवलेला नमुना होता. एका टोकाला निमुळता, कमरेला पितळी पट्टी.

"चांदमारीत काही गोळे फुटत न्हाईत," तो म्हणाला. "तसेच मातीत पडून राहतात. वरनं गार, आतनं जिवंत. आपटू नका, पाडू नका, हलवू नका. दिसला तर आमाला सांगा."

पितळ काढायला म्हणून गोळा दगडावर ठोकणाऱ्या एका माणसाचा हात कसा गेला, तेही त्यानं सांगितलं. उशीर होईल म्हणून मी तिथून उठले.

घर बायकांनी भरलं होतं. माझा धाकटा भाऊ चिमाजी अंगणात पाव्हण्यांचं बघत होता, त्यामुळे तो काही चावडीवर गेला नव्हता. आत त्याची बायको रुक्मिणी पाटावर बसली होती, मांडीवर पोर. आमच्यात पोराला पाळण्यात घालण्याआधी वरवंट्याचा मान असतो. त्याला कुंची घालायची, कुंकू लावायचं, आणि देवाचं नाव घेत एकीनं पाळण्याखालून द्यायचा, दुसरीनं घेऊन वरून परत करायचा. पोर तसंच दणकट निघावं, एवढंच मागणं. मग तो पोराच्या उशाशी ठेवायचा.

पाळण्याच्या पलीकडे शेजारची नूरबी होती. रुक्मिणीचं बाळंतपण तिनंच निभावलं होतं. तिनं हसत हसत कुंचीतला वरवंटा पाळण्याखालून माझ्या हातात दिला.

तो गार होता. दगडही गारच असतो, पण हा गारवा वेगळा लागला. कापडाखाली बोटांना कमरेची पट्टी लागली. कुंचीच्या टोकात निमुळतं नाक होतं.

"वरवंटा कुठला गं हा?" मी विचारलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"ह्यांनी आणलाय रानातनं," रुक्मिणी म्हणाली. "जुना मोडला. ह्यो लोखंडी हाय, कशाला मोडतोय? दिवाळीपासनं समदं ह्यानंच वाटतीया."

चावडीवरचा तो नमुना माझ्या डोळ्यांपुढे आला. ओरडावंसं वाटत होतं. पण ओरडले असते तर बायका उठून पळाल्या असत्या, कुणाचा तरी धक्का पाळण्याला लागला असता आणि पाळण्याचा मला. पोर रुक्मिणीच्या मांडीवर, माझ्यापासून हातभर अंतरावर झोपलं होतं. सगळ्यांना बाहेर काढायचं होतं आणि घाबरवायचं नव्हतं. मला एकच गोष्ट चांगली येत होती. मी रुसले.

"आत्याची बोळवण खणावर करताय व्हय?" मी म्हणाले. "ह्या घरात मी नाव ठेवणार न्हाई. मारुतीच्या देवळात न्या पोराला. तिथं बघू."

"वन्सं, आज तरी..." रुक्मिणीचे डोळे भरले.

"आधी पोराला हलव. समद्या निघा. ह्यो वरवंटा घेऊन मी हितंच बसते, मान मिळंपर्यंत."

बायका कुजबुजल्या, एकीनं नाक मुरडलं. पण माझ्या रुसण्याबद्दल कुणालाच शंका आली नाही. रुक्मिणी पोराला छातीशी धरून रडत बाहेर गेली. जाता जाता म्हणाली, "पोराच्या दिवशी असं वागलात, हे मी इसरणार न्हाई." मला ते लागलं.

नूरबी शेवटी निघाली. दारात तिनं माझे हात पाहिले.

"सुमनताई, वरवंटा असा जपून का धरलाय?"

"नूरबी, हळू चाल. चिमाजीला आत पाठव आन् कुणालाच घरात येऊ देऊ नको."

चिमाजी माझी समजूत काढायला आला, तो हसतच. मी हळू आवाजात त्याला चावडीवरचं सगळं सांगितलं. त्यानं दारातल्या पायरीकडे बघितलं.

"आक्का, मी तो पायरीवर ठोकून बघितला हुता," तो म्हणाला. "पितळ निघतंय का म्हणून."

"आता काय उपेग? हवालदार चावडीवर आसंल. जा. उंबऱ्याला ठेचकाळू नको."

तो गेला आणि मी एकटी उरले. मांडीवर कुंचीतलं ते धूड, कपाळावर कुंकू लावलेलं. खाली ठेवायची हिंमत नव्हती, धरून ठेवायची ताकद नव्हती. मला मरायचं नव्हतं. हे मी उगाच लपवत नाही. पोराच्या जिवासाठी बसले होते खरी, पण मनात दर क्षणाला वाटायचं, ठेवावं आणि पळावं. खांदे भरून आले. नाकावर माशी बसली, ती हाकलता येईना.

हवालदार आला. माझ्यासमोर गुडघे टेकून त्यानं माझ्या हाताखाली हात सरकवले. "आता सोडा, बाई," तो म्हणाला. मला सोडता येईना. त्यानं एकेक बोट सोडवलं आणि कुंचीसकट ते बाहेर नेलं.

गोळा लांब माळावर उडवला तेव्हा आम्ही सगळे देवळाच्या पारावर होतो. जमीन हादरली, देवळातली घंटा आपोआप किणकिणली. रुक्मिणीनं पोर नूरबीच्या हातात दिलं आणि ती आपल्या तळहातांकडे बघत राहिली, ज्या हातांनी रोज वाटण वाटलं होतं त्यांच्याकडे.

बऱ्याच वेळानं ती पोराला घेऊन माझ्यापाशी आली. नूरबीनं दुसरी कुंची आणून त्याला घातली होती.

"वन्सं, घ्या ह्याला. नाव ठिवा."

माझे हात पुढे होईनात. कुंचीचं ते टोक बघूनच बोटं आखडली.

"आधी कुंची काढ त्याची," मी म्हणाले.

तिनं ती काढली. उघडं, ऊन डोकं माझ्या तळहातावर आलं. टाळू लपलप करत होती. मी तशीच बसून रडत राहिले, आणि ठरलेलं नाव काही केल्या मला आठवेना.